हाड वाढते, पाय मागे राहतो

१९९७ सालच्या ‘गॅटका’ या विज्ञानपटात नायक दुसऱ्याची ओळख पांघरून वावरता यावे म्हणून स्वतःचे पाय कापून लांब करवून घेतो. माणसाला त्याच्या जनुकांवरून जोखणारा समाज किती निर्दय असेल, हे त्या प्रसंगातून दाखवायचे होते. २०२५ मध्ये सेलीन साँग यांचा ‘मटेरियलिस्ट्स’ आला. त्यातला देखणा, गर्भश्रीमंत, लग्नाला उभा असलेला पुरुषही पाय लांब करून घेतलेला निघतो. फरक इतकाच, की इथे ती शस्त्रक्रिया प्रेमकथेतला एक तपशील आहे. अठ्ठावीस वर्षांत भयकथेतली गोष्ट लग्नाच्या बाजारात येऊन बसली. पडद्याबाहेरही तेच चालले आहे. इस्तंबूलमध्ये विमानतळावर घ्यायला गाडी, हॉटेल, शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी असे सगळे एकाच पॅकेजमध्ये मिळते. भारतातल्या मोठ्या शहरांतही ही शस्त्रक्रिया करणारे सर्जन आहेत.

तिच्या समर्थकांचा पूर्वपक्ष बळकट आहे आणि तो आधी नीट मांडला पाहिजे. ते म्हणतात, हाड लांब करण्याचे तंत्र सत्तर वर्षे जुने, पारखलेले आहे. पूर्वी पायाभोवती लोखंडी रिंगा घालून महिनोन्‌महिने काढावे लागत. आता रॉड हाडाच्या आत जातो, बाहेर काही दिसत नाही. तीन महिन्यांत तीन इंच मिळतात. गुंतागुंत होते, पण ती कोणत्या शस्त्रक्रियेत होत नाही? ज्यांनी करून घेतली त्यांतले बहुतेक समाधानी आहेत. आणि शेवटचा, सगळ्यांत चोख मुद्दा: शरीर त्याचे, पैसा त्याचा, वय सज्ञान, मग इतरांनी नाक का खुपसावे?

या पूर्वपक्षाला आपल्याकडे जी उत्तरे दिली जातात, त्यांतली दोन आधी बाजूला काढून ठेवलेली बरी, कारण ती उत्तरेच नव्हेत. पहिले, ‘देवाने दिलेल्या शरीराशी खेळ कशाला?’ असे म्हणणारा माणूस चष्मा लावतो, दाताला कॅप बसवतो आणि गुडघा बदलून घेतो. दुसरे उत्तर अधिक प्रेमळ आणि तितकेच निरुपयोगी: ‘गावसकर आणि तेंडुलकर कुठे उंच होते?’ शाळेत ‘बुटबैंगण’ ऐकत मोठा झालेला आणि विवाह मंडळाच्या अर्जातल्या उंचीच्या रकान्यापाशी अडखळणारा मुलगा कसोटी शतके ठोकून ती जखम भरून काढणार नसतो. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुषांसाठी १६५ आणि महिलांसाठी १५५ सेंटिमीटर ही किमान अट आहे. एका सेंटिमीटरने बाहेर पडलेल्याला क्रिकेटचा इतिहास ऐकवणे ही थट्टाच होय. उंचीचे दुःख खरे आहे. वाद त्याच्या इलाजाविषयी आहे.

(पोलीस भरतीचे नाव निघालेच आहे तर एवढे इथेच सांगून टाकावे: त्याच भरतीत पुरुष उमेदवाराला १६०० मीटर धावायचेही असते. पाय लांब करून घेतलेल्याने उंचीच्या पट्टीखाली उभे राहणे एक आणि त्याच पायांनी ते अंतर वेळेत कापणे वेगळे. लष्कराच्या वैद्यकीय तपासणीत हाडातला रॉड घेऊन पात्र ठरण्याची आशा तर कोणी धरूच नये.)

आता मुख्य गोष्टीकडे. तंत्र जुने आणि पारखलेले आहे हे खरे, पण कोणावर पारखलेले? इटलीतल्या बोलोन्याचे अलेस्सांद्रो कोदिव्हिला यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखूड पाय लांब करण्याचे प्रयोग केले. या शास्त्राला पक्का पाया मिळाला तो गाव्ह्रिल इलिझारोव्ह या सोव्हिएत डॉक्टरकडून. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात सैबेरियाच्या पश्चिम टोकाला, कुर्गान भागात त्यांची नेमणूक झाली. समोर रुग्ण कोण, तर न जुळलेली हाडे घेऊन वर्षानुवर्षे कुबड्यांवर फिरणारे, युद्धातून परतलेले लोक. हाडातून आरपार घातलेल्या तारा बाहेरच्या धातूच्या रिंगांना ताणून बांधायच्या आणि रिंगांमधले अंतर नटांनी कमीजास्त करायचे, हे त्यांचे उपकरण १९५० च्या दशकात आकाराला आले. उंच उडीतला ऑलिंपिक विजेता व्हालेरी ब्रुमेल १९६५ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात पायाचा चेंदामेंदा करून बसला. अनेक शस्त्रक्रिया वाया गेल्यावर तो कुर्गानला गेला आणि पुढे पुन्हा दोन मीटरहून उंच उडी मारू शकला. लेक्को गावचा गिर्यारोहक कार्लो माऊरी जुन्या मोडलेल्या पायाची न भरणारी जखम घेऊन १९८० मध्ये तिथे पोचला आणि बरा होऊन परतला. त्याचा पाय पाहून इटालियन डॉक्टर चक्रावले. १९८१ मध्ये त्यांनी इलिझारोव्ह यांना बेल्लाजिओच्या परिषदेत बोलावले आणि मग ही विद्या पश्चिमेत पसरली.

या रुग्णांची यादी नीट पाहावी. पोलिओने आखूड झालेला पाय, जन्मतः खुजे राहिलेले हाड, अपघातानंतर हाडाचा तुकडाच गळून गेलेला पाय, मोडून वाकडा जुळलेला पाय. अशा माणसाचा घोटा उपचारानंतर थोडा ताठर राहिला तरी तो फायद्यातच असतो, कारण त्याआधी त्याला धड चालताच येत नव्हते. उंचीसाठी आलेल्या तरुणाचे दोन्ही पाय सुरुवातीला धडधाकट असतात. तो धावतो, मांडी घालून बसतो, लोकलचा दांडा पकडून उडी मारतो. त्याच्या बाबतीत तोच थोडा ताठर घोटा निव्वळ तोटा असतो. म्हणून एका गटावरच्या यशाचा दाखला दुसऱ्याला लावताना हिशेबाची वहीच बदलावी लागते. ‘पारखलेले तंत्र’ हा युक्तिवाद नेमकी तीच वही बदलायला विसरतो.

‘तीन महिन्यांत तीन इंच’ हे वाक्य मात्र खोटे नाही. अपुरे आहे, आणि गाळलेला भाग मोठा आहे.

हाड लांब करणे म्हणजे काय होते? सर्जन मांडीचे किंवा नडगीचे हाड कापतो, पण त्याभोवतीचे आवरण आणि रक्तपुरवठा होईल तितका जपतो. पाच-सात दिवस काही करायचे नाही. कापलेल्या टोकांमध्ये नवे हाड घडायला सुरुवात होऊ द्यायची. मग दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने टोके दूर सारायची, तेही एका दमात नव्हे, पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा. ही गती आणि हा ताल इलिझारोव्ह यांनी प्रयोगांतून काढला. घाई केली तर मधली पोकळी हाडाने भरत नाही आणि नसा ताणल्या जातात. फार सावकाश गेले तर हाड वेळेआधीच जुळून बसते आणि पुन्हा कापावे लागते. सात सेंटिमीटर म्हणजे सत्तर दिवस. इथे जाहिरातीचा हिशेब संपतो.

एक्स-रेमध्ये मात्र त्या वेळी मधल्या सात सेंटिमीटरमध्ये धूसर ढगासारखे काहीतरी दिसत असते. ते पक्के हाड व्हायला, म्हणजे एक्स-रेत दिसणाऱ्या चार कडांपैकी निदान तीन कडा भरून यायला, ताणण्याला लागला त्याहून जास्त वेळ जातो. सेंटिमीटरमागे एक महिना असा जुना ढोबळ हिशेब आहे. वय, धूम्रपान, ड जीवनसत्त्व, हाडाची जागा यांवरून तो मागेपुढे होतो. तोवर व्हीलचेअर, मग वॉकर, मग कुबड्या, मग काठी. सगळे सुरळीत झाले तरी वर्ष-दोन वर्षांनी आतला रॉड काढायला पुन्हा ऑपरेशन टेबल गाठावे लागते.

तरीही हाड हे या सगळ्यातले सर्वांत समजूतदार अवयव म्हणावे लागेल. ते ताणले की नवे तयार होते. स्नायू, स्नायुबंध, नसा आणि त्वचा यांचे तसे नाही. ताणाखाली त्यांचीही वाढ होते, पण हाडाच्या मागे फरफटत, कुरकुरत. जुन्याच अभ्र्यात रोज थोडी मोठी उशी कोंबत राहावे, तसा हा प्रकार आहे. शिवण कुठेतरी दुखायला लागणारच. म्हणून या शस्त्रक्रियेनंतरची खरी लढाई हाडाशी नसते, सांध्यांशी असते.

नडगी लांब केली की पोटरीचा स्नायू आणि टाचेमागचा जाड दोर आखूड पडतो. टाच उचलली जाते, पाऊल बोटांवर येते. वेळेवर आणि नेटाने व्यायाम झाला नाही, रात्री पट्टी लावली नाही, तर नृत्यांगनेसारखे चवड्यांवर उभे राहिलेले पाऊल तसेच राहते आणि दोर लांब करण्यासाठी आणखी एक शस्त्रक्रिया करावी लागते. मांडी लांब केली की गुडघा वाकण्याची ताकद जाते, किंवा उलट तो पूर्ण सरळ होत नाही. मांडीच्या बाहेरचा पट्टा ताणला गेला की कंबर पुढे झुकते आणि माणूस ढुंगण मागे काढून चालू लागतो. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, पंगतीत जमिनीवर जेवणे, देवापुढे वाकणे या ज्या हालचाली आपल्याकडे कोणी ‘व्यायाम’ म्हणून मोजतही नाही, त्यांतली एखादी कायमची हातची जाऊ शकते. इस्तंबूलच्या हॉटेलात खुर्चीवर बसून जेवणाऱ्याला हे कळतही नाही. गावी पोचल्यावर कळते.

नसांची गोष्ट अधिक नाजूक. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने फिब्युला या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस खाली जाते. ती ताणली गेली तर पाऊल वर उचलता येत नाही. चालताना चवडा जमिनीला घासत जातो. डॉक्टर त्याला ‘फूट ड्रॉप’ म्हणतात. बोटांना मुंग्या येऊ लागल्या, पावलाच्या वरच्या भागाची संवेदना गेली की तत्काळ ताणणे थांबवावे किंवा मंद करावे लागते. इथे माणसाच्या स्वभावाचा अडसर येतो. पैसे भरताना आकडा ठरलेला असतो: आठ सेंटिमीटर. पाचव्या सेंटिमीटरला पाय ‘बस’ म्हणत असतो, पण उरलेल्या तिनासाठी रुग्णच डॉक्टरांची मनधरणी करतो. आखूड पायाच्या पोलिओग्रस्त रुग्णाच्या बाबतीत थांबण्याचा निर्णय सोपा असतो. दोन्ही पाय सारखे झाले की काम संपले. उंचीच्या हौसेला मात्र नैसर्गिक शेवट नसतो. २०१६ मध्ये हैदराबादेत ज्या तरुणाची शस्त्रक्रिया देशभर गाजली, त्याची उंची पाच फूट सात इंच होती. म्हणजे भारतीय पुरुषाच्या सरासरीहून जास्तच.

प्रश्न येतो, हे सगळे जुन्या रिंगांच्या काळातले नाही का? आता रॉड आतच असतो.

आतल्या रॉडने एक मोठी पीडा संपवली, यात शंका नाही. रिंगांच्या तारा जिथे कातडीतून आत जातात तिथे पू होणे, रोज त्या जागा पुसणे, झोपताना कुशीवर न वळता येणे, अंगावर नीट कपडा न बसणे, हे सारे गेले. पण पोटरीच्या दोराला आणि त्या नसेला रॉड आत आहे की बाहेर, याचे काही देणेघेणे नसते. ताण तेवढाच. उलट आतल्या रॉडने नवी दुखणी आणली. पहिल्या पिढीतला एक रॉड पायाच्या हालचालीनेच वाढत असे; तो कधी अडकून पडे, तर कधी बेलगाम होऊन ठरल्याहून भराभर लांबत जाई. पुढे २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेला ‘प्रेसाइस’ रॉड आला. त्याच्या आत चुंबक असते. बाहेरून मांडीवर दुसरे यंत्र धरले की ते फिरते आणि रॉड मोजून मापून लांबतो. गतीवर ताबा आला. पण टायटॅनियमचा तो रॉड अंगाचे पूर्ण वजन पेलायचा नव्हता, म्हणून कुबड्या राहिल्या.

त्यावर तोड म्हणून त्याच कंपनीने २०१८ मध्ये स्टेनलेस स्टीलचा ‘स्ट्राइड’ आणला. वजन देत, चालत चालत उंची वाढवा, असे त्याचे आकर्षण होते. उंचीसाठी येणाऱ्या ग्राहकांना याहून गोड काय असणार? दोन-तीन वर्षांतच डेन्मार्क आणि जर्मनीतल्या डॉक्टरांना एक्स-रेमध्ये रॉडच्या सांध्यापाशी हाड खचलेले, फुगलेले दिसू लागले. काढलेल्या रॉडवर गंज आढळला. काही रुग्णांना त्या जागी दुखत होते. २०२१ च्या सुरुवातीला कंपनीने तो बाजारातून मागे घेतला. ज्यांच्या मांडीत तो आधीच होता, त्यांना हाड भरून येताच तो काढून घेण्याचा सल्ला मिळाला. यंत्रे सुधारतात, यात वाद नाही. पण ‘आताचे तंत्र सुरक्षित आहे’ हे वाक्य २०१९ मध्येही तितक्याच आत्मविश्वासाने बोलले जात होते, एवढे लक्षात असलेले बरे.

आणि एक धोका असा, की तो आतल्या रॉडबरोबरच वाढला. हाडाच्या पोकळीत मज्जा असते, तिच्यात चरबी असते. रॉड आत ठोकताना तिथला दाब वाढतो आणि चरबीचे कण रक्तातून फुप्फुसांत, कधी मेंदूत जातात. दीड-दोन दिवसांत धाप, गोंधळलेपण, छातीवर बारीक लाल ठिपके. बहुतेक जण अतिदक्षता विभागात सावरतात, सगळे नाही. अपघातात एक मांडी मोडते तेव्हा सर्जन एकच रॉड टाकतो. उंचीसाठी मात्र दोन्ही मांड्या लांब करायच्या असतात, आणि वेळ व पैसा वाचवायला त्या एकाच दिवशी करण्याचा मोह होतो. सावध सर्जन हाडाला आधी भोके पाडून दाबाला वाट करून देतात किंवा दोन पायांत दिवसांचे अंतर ठेवतात. बाकीचे काय करतात, ते पॅकेजच्या माहितीपत्रात लिहिलेले नसते. त्यातच पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका. आणि पंधरा-वीस दिवसांनी हा माणूस कित्येक तास पाय आखडून विमानात बसणार असतो.

‘गुंतागुंत सगळीकडेच होते’ या युक्तिवादाला आकड्यांनीच उत्तर देता येते, आणि ते आकडे विरोधकांचे नाहीत. कुर्गानच्या केंद्रातल्या डॉक्टरांनी, म्हणजे इलिझारोव्ह यांच्या वारसांनीच, निव्वळ उंचीसाठी शस्त्रक्रिया केलेल्या १३१ रुग्णांचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. सरासरी वाढ सात सेंटिमीटरच्या आसपास; आणि तिघांत एकाहून अधिक जणांना काही ना काही गुंतागुंत. लेक्कोच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये ५४ रुग्णांचा अनुभव मांडला, त्यातही घोट्याचे आखडणे हे ठळक दुखणे. ही जगातली सर्वांत अनुभवी केंद्रे होती. रुग्णाला महिनोन्‌महिने जवळ ठेवून, रोज पाहून त्यांनी हे निकाल मिळवले. बहुतेकांचे शेवटी ठीक झाले, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. त्यांच्या हातून जर इतके होते, तर महिनाभरात रुग्णाला घरी पाठवणाऱ्या केंद्राचे काय असेल, याचा अंदाज वाचकाने स्वतःच बांधावा.

शिवाय आकडे कसे मोजतात, यातही खोच आहे. ड्रॉर पॅली या सर्जनने १९९० मध्ये या उपचारातल्या अडचणींची तीन प्रकारांत वर्गवारी केली. काही अडचणी औषधाने, व्यायामाने सुटतात. काहींना पुन्हा शस्त्रक्रिया लागते, पण उपचार संपेपर्यंत त्या मिटतात. ज्या उपचार संपल्यावरही उरतात, त्यांनाच त्यांनी खरी गुंतागुंत म्हटले. शास्त्रीय चर्चेसाठी ही विभागणी उपयोगी आहे. विक्रेत्याच्या हातात मात्र ती सोयीची ठरते: पहिले दोन प्रकार हिशेबातून वगळायचे आणि ‘आमच्याकडे गुंतागुंत अत्यल्प’ असे छापायचे. टाचेचा दोर कापून लांब करण्याची दुसरी शस्त्रक्रिया ज्याला सोसावी लागली, त्याला ती ‘अडचण’ होती की ‘गुंतागुंत’, या भेदाने काय फरक पडतो?

समाधानाच्या मुद्द्यात तथ्य आहे. या शस्त्रक्रियेनंतर अनेकांचा आत्मविश्वास वाढतो, हे रुग्णांच्या सर्वेक्षणांत दिसते आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण एक वर्ष, आयुष्यभराची बचत आणि दोन मोडलेले पाय खर्ची घातलेला माणूस ‘मी फसलो’ असे सहजासहजी म्हणत नसतो, हेही मानवी स्वभावाला धरूनच आहे. त्यात भारतीय घरांत हे सगळे लपवून केलेले असते. हैदराबादच्या प्रकरणात घरच्यांनी मुलगा हरवल्याची तक्रार दिली होती. शोध घेतला तेव्हा तो रुग्णालयात, दोन्ही पाय शस्त्रक्रिया झालेले, असा सापडला. पुढे राज्य वैद्यकीय परिषदेने संबंधित सर्जनवर निलंबनाची कारवाई केली.

त्या वेळच्या चर्चेने मात्र चुकीचे वळण घेतले. ‘आईवडिलांना न विचारता?’ हा मुद्दा मोठा झाला. सज्ञान माणसाने शरीराविषयी निर्णय घेताना आईबापांची सही लागावी, असे म्हणणे टिकणारे नाही. उद्या तोच नियम गर्भपातालाही लावला जाईल. इथे स्वातंत्र्यवादी पूर्वपक्षाशी सहमत व्हायलाच हवे. चीनने २००६ मध्ये सौंदर्यासाठी पाय लांब करण्यावर बंदी घातली, तोही मार्ग आपल्याला लागू नाही. बंदीने गरज मरत नाही, ती सीमेपलीकडच्या किंवा आडबाजूच्या शस्त्रक्रियागृहात जाते.

पण शरीर त्याचे हे मान्य केले, की पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो: त्याला नेमके काय सांगितले गेले? समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये रुग्णाच्या संमतीचा मापदंड घालून दिला. उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय आणि ठळक धोके रुग्णाला समजतील असे सांगितले पाहिजेत. अगदी दुर्मीळ धोक्यांची यादी वाचून त्याला घाबरवण्याची गरज नाही. आजारी माणसाच्या बाबतीत हे शहाणपणाचेच आहे, कारण घाबरून त्याने आवश्यक उपचार टाळला तर त्याचेच नुकसान. उंचीसाठी आलेल्या निरोगी माणसाला हाच सैल मापदंड का लावावा? तो घाबरून घरी गेला तर त्याचे काय बिघडते? इथे दुर्मीळ धोकाही सांगितलाच पाहिजे. फ्रान्समध्ये सौंदर्य शस्त्रक्रियेचा खर्च लेखी सांगितल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत पंधरा दिवसांचे अंतर कायद्याने ठेवावे लागते. ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने २०१६ मध्ये सौंदर्य उपचारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या: संमती शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच घ्यायची, विचाराला वेळ द्यायचा, सवलतींचे आमिष दाखवायचे नाही. स्वतःच्या शरीरावरचा हक्क यातल्या एकाही अटीने कमी होत नाही.

आपल्याकडे हे सहज करता येण्यासारखे आहे, कारण विद्या आपल्याकडे आहे. अकोल्यात इलिझारोव्ह पद्धतीचे केंद्र कित्येक वर्षे काम करते आहे. मुंबई-पुण्यातले अस्थिरोगतज्ज्ञ आखूड पाय, न जुळलेली हाडे, वाकडे गुडघे या तंत्राने नीट करतात. या डॉक्टरांना हाड धरायला किती वेळ लागतो, टाच केव्हा उचलली जाते, रुग्ण कधी खचतो, हे पाठ असते. परदेशातून घाईने परतलेला, चवड्यांवर चालणारा तरुण शेवटी त्यांच्याच दारात येतो. दुसऱ्याने कापलेले हाड, हातात धड कागदपत्रे नाहीत, आत कोणत्या कंपनीचा रॉड आहे ते ठाऊक नाही, आणि जबाबदारी मात्र त्यांची.

तेव्हा अटी याच असाव्यात. उंचीसाठी येणाऱ्याला शस्त्रक्रियेच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाने स्वतंत्रपणे तपासावे. आपल्या शरीराविषयीचा विकृत ध्यास असलेल्या माणसाला तीन इंच मिळाले तरी तो पुढे खांद्यांच्या किंवा जबड्याच्या मागे लागतो. हाड पक्के होईपर्यंत रुग्ण त्याच सर्जनच्या देखरेखीत राहील, याची लेखी हमी असल्याशिवाय कोणी हाड कापू नये. किती सेंटिमीटर, हे पैसे भरताना नव्हे, घोटा आणि गुडघा काय म्हणतात ते पाहून ठरावे, आणि ताणणे थांबवण्याचा शेवटचा शब्द सर्जनचा असावा. फिजिओथेरपीचा संपूर्ण खर्च आणि रॉड काढण्याचा खर्च पहिल्याच दिवशी आकड्यांत सांगितला जावा.

यापलीकडे हवी ती नोंदवही. स्वीडनमध्ये १९७५ पासून बदललेल्या प्रत्येक गुडघ्याची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. कोणता सांधा किती वर्षे टिकला, कोणता लवकर निकामी झाला, हे तिथे कंपनीच्या माहितीपत्रावरून नव्हे, त्या नोंदींवरून कळते. भारतातल्या गुडघा आणि खुबा बदलणाऱ्या सर्जनांनीही आपल्या संघटनेमार्फत अशी नोंद सुरू केली आहे. उंचीसाठी पाय लांब करणाऱ्या प्रत्येक सर्जनने प्रत्येक रुग्णाची तशी नोंद करणे बंधनकारक व्हावे. त्यात किती सेंटिमीटर वाढले हा रकाना शेवटी आला तरी चालेल. आधीचे रकाने असे: दोन वर्षांनी टाच जमिनीला पूर्ण टेकते का, गुडघा पूर्वीइतका वाकतो का, पाऊल वर उचलता येते का, आधी जेवढे धावता येत होते तेवढे धावता येते का, एकूण किती वेळा भूल द्यावी लागली, वेदनेची गोळी अजून चालू आहे का.